गोंगाट आणि ढळ : सूक्ष्म विद्युत् मापनातील दोन दोष व त्यांचे निदान

सोनाराच्या पेढीवरील बारीक काटा काचेच्या पेटीत ठेवलेला असतो, हे सर्वांनी पाहिलेले आहे. धान्य तोलणाऱ्या वाण्याच्या तागडीला अशी पेटी लागत नाही. वाण्याला पसाभर धान्य इकडे-तिकडे झालेले चालते. सोनाराला गुंजेचा फरकही चालत नाही. वस्तू जितकी मोलाची आणि वजन जितके सूक्ष्म, तितकी वाऱ्याची झुळूकही तोलणाऱ्याची शत्रू ठरते.

सोनाराच्या काट्यात दोन प्रकारचे दोष संभवतात. पेटीचे दार उघडे राहिल्यास काटा थरथरत राहतो व कोणत्याही एका खुणेवर स्थिर होत नाही. हा पहिला दोष. दुसरा दोष याहून निराळा आहे. काटा अगदी शांत दिसतो. परंतु सकाळी रिकाम्या पारड्यांनी शून्यावर असलेला तो दुपारी शून्यापासून किंचित बाजूला गेलेला आढळतो. पहिला दोष डोळ्यांना दिसतो, म्हणून तोलणारा सावध होतो. दुसरा दोष दिसत नाही, म्हणून तोलणारा फसतो.

विद्युत् दाब, प्रवाह व रोध मोजणाऱ्या सूक्ष्म इलेक्ट्रॉनीय उपकरणांतही हेच दोन दोष असतात. पहिल्यास ‘गोंगाट’ म्हणतात. येथे कानाला ऐकू येणारा आवाज अभिप्रेत नाही. मोजावयाच्या दाबात मिसळलेला अनियमित, नको असलेला दाब असा या शब्दाचा अर्थ आहे. दुसऱ्या दोषास या पुस्तिकेत ‘ढळ’ असे म्हटले आहे. जो ढळत नाही त्या ध्रुवाला आपण अढळ म्हणतो. मापनयंत्राचे शून्य किंवा त्याचे प्रमाण अढळ न राहता हळूहळू सरकणे, हा ढळ होय.

गोंगाटाचे पहिले मूळ : पदार्थाची स्वतःची उष्णता

कोणत्याही धातूच्या तारेत असंख्य इलेक्ट्रॉन असतात आणि उष्णतेमुळे ते सतत इतस्ततः धावत असतात. तारेला घट जोडलेला नसला तरी ही धावपळ थांबत नाही. एखाद्या क्षणी तारेच्या एका टोकाकडे काही इलेक्ट्रॉन अधिक असतात, तर दुसऱ्या क्षणी दुसऱ्या टोकाकडे. परिणामी तारेच्या दोन टोकांमध्ये अत्यंत अल्प व अनियमित असा विद्युत् दाब सदैव उत्पन्न होत राहतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जे. बी. जॉन्सन यांनी हा गोंगाट प्रयोगाने मोजला आणि हॅरी निक्विस्ट यांनी त्याची उपपत्ती मांडली. दोघांचेही निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले.

या गोंगाटाचा नियम सोपा आहे. तो तीन गोष्टींवर अवलंबून असतो : रोध, निरपेक्ष तपमान आणि उपकरण ज्या कंप्रतांना प्रतिसाद देते त्या पट्ट्याची रुंदी. या तिघांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात गोंगाटाचा दाब वाढतो. सुमारे २७ अंश सेल्सिअस तपमानात १,००० ओहम रोधामुळे १ हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात सुमारे ४ नॅनोव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाच्या अब्जांश भागांचे चार भाग, इतका गोंगाट असतो. रोध दहा लक्ष ओहम आणि पट्टा १०,००० हर्ट्झ केल्यास हाच आकडा सुमारे १३ मायक्रोव्होल्टपर्यंत जातो.

यावरून एक महत्त्वाचा बोध मिळतो. हा गोंगाट म्हणजे बिघाड नव्हे. तो कोणत्याही कारागिराला दुरुस्त करता येणार नाही. तो कमी करावयाचा असेल तर रोध कमी करावा, तपमान उतरवावे अथवा पट्टा अरुंद करावा, म्हणजेच मापनास अधिक वेळ द्यावा. चौथा मार्ग निसर्गाने ठेवलेला नाही. म्हणून निदान करणाराने प्रथम हिशेब करावा. दिसणारा गोंगाट हिशेबाइतकाच असेल तर उपकरण निर्दोष आहे. तो त्याच्या दसपट असेल तर मात्र चोर दुसरा आहे.

याखेरीज अर्धसंवाहक घटकांमध्ये आणखी एक गोंगाट असतो. तो मंद कंप्रतेकडे वाढत जातो. मापनाला जितका अधिक वेळ द्यावा तितका तो अधिक पुढे येतो. त्याची आणि ढळाची सीमारेषा अस्पष्ट असते. एखाद्या सदोष घटकात, तापल्या खापरावर लाह्या फुटाव्यात त्याप्रमाणे, वाचन मधूनच एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उडी मारते व पुन्हा खाली येते. असा घटक सरळ बदलावा.

दुसरे मूळ : बाहेरून येणारा व्यत्यय

भारतात घरोघरी पुरविली जाणारी वीज सेकंदास ५० आवर्तनांची असते. भिंतीतील तारा, पंख्याची चलित्रे, रोहित्रे या सर्वांभोवती त्याच कंप्रतेचे चुंबकीय क्षेत्र पसरलेले असते. उपकरणाकडे जाणाऱ्या दोन तारा एकमेकींपासून दूर ठेवल्यास त्यांचे एक मोठे वेटोळे तयार होते व त्यात हे क्षेत्र दाब निर्माण करते. वेटोळ्याचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर व क्षेत्राचे शिखरमूल्य अवघे ०.१ मायक्रोटेस्ला असले तरी त्यात सुमारे ३१ मायक्रोव्होल्ट शिखरमूल्याचा दाब उत्पन्न होतो. उपाय अगदी साधा आहे : दोन्ही तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावा. पिळाच्या प्रत्येक वळणात उत्पन्न होणारा दाब शेजारच्या वळणातील दाबास छेद देतो.

दुसरी चूक अर्थिंगची. दोन उपकरणे दोन निरनिराळ्या ठिकाणी जमिनीशी जोडली आणि त्यांना एकमेकांशी जोडणारी तारही असली, म्हणजे जमीन व तार मिळून एक बंद मार्ग तयार होतो. दोन ठिकाणच्या जमिनीच्या दाबांत किंचित फरक असतोच. त्यामुळे या मार्गातून प्रवाह वाहतो आणि मापनात मिसळतो. यासाठी सर्व उपकरणे एकाच ठिकाणी जमिनीशी जोडावीत. मात्र विजेवर चालणाऱ्या उपकरणाची संरक्षक अर्थिंगची तार तोडून हा दोष घालविण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. ती तार माणसाच्या प्राणांसाठी असते.

अंकदर्शक व्होल्टमापक ठराविक काळातील दाबाची बेरीज करून सरासरी काढतो. हा काळ विजेच्या पूर्ण आवर्तनाइतका, म्हणजे एका सेकंदाचा पन्नासावा भाग, असेल तर आवर्तनाचा चढ व उतार एकमेकांना पुरे पडतात आणि व्यत्यय नाहीसा होतो. परंतु ६० आवर्तनांच्या विजेच्या देशातून आलेल्या उपकरणाची योजना बदललेली नसेल तर बेरीज अपुऱ्या आवर्तनाची होते व शेवटचे अंक नाचू लागतात. येथे दोष घटकाचा नसून एका कळीच्या स्थितीचा असतो.

ढळाची कारणे

ढळाचे प्रमुख कारण तपमान होय. तांब्याचा रोध दर अंशास सुमारे ०.३९ टक्के वाढतो. मँगॅनिन या मिश्रधातूचा रोध मात्र सामान्य तपमानात अत्यल्प बदलतो, म्हणून प्रमाणरोधक त्याचे करीत. दीर्घकाळ दाबाचे प्रमाण म्हणून वापरलेला, एडवर्ड वेस्टन यांचा कॅडमियम घट २० अंशांवर सुमारे १.०१८ व्होल्ट दाब देतो. पण तपमान एका अंशाने वाढताच त्याचा दाब सुमारे ४० मायक्रोव्होल्टांनी उतरतो. म्हणूनच असे घट तेलाच्या अथवा हवेच्या स्थिर तपमानाच्या पेटीत जपून ठेवीत.

दुसरे कारण दोन धातूंच्या सांध्यांत दडलेले असते. दोन भिन्न धातू जोडून त्यांचे दोन सांधे भिन्न तपमानांत ठेवल्यास विद्युत् दाब निर्माण होतो, हा परिणाम १८२१ साली थॉमस सीबेक यांच्या ध्यानी आला. तांबे आणि शिसे-कथिलाची झाळ यांच्या सांध्यात हा दाब दर अंशास १ ते ३ मायक्रोव्होल्ट असतो. स्वच्छ तांबे स्वच्छ तांब्याशी घट्ट दाबले तर तो ०.२ मायक्रोव्होल्टाच्या आत राहतो. पण तांब्यावर ऑक्साइडचा काळपट थर चढलेला असेल तर तो हजार मायक्रोव्होल्टांच्या घरात जातो. म्हणजे तारेचे टोक घासून स्वच्छ करण्याचा कंटाळा केल्यास होणारी चूक, उत्तम उपकरणाने साधलेल्या अचूकपणावर पाणी फिरविते.

तिसरे कारण दमटपणा. पावसाळ्यात रोधी पृष्ठभागावर ओलावा, धूळ व बोटांचा घाम यांचा पातळ थर बसतो आणि त्यातून प्रवाह झिरपतो. १०० कोटी ओहमांचा रोधक मोजताना त्याच्याशी समांतर असा १०,००० कोटी ओहमांचा ओलसर मार्ग निर्माण झाला, तरी उत्तरात एक टक्का चूक होते. येथे उपकरण उघडण्यापूर्वी शुद्ध अल्कोहोलाने पृष्ठभाग पुसून तो कोरडा करावा.

चौथे कारण वय. नवे रोधक व प्रमाणघटक आरंभी अधिक ढळतात व पुढे स्थिरावत जातात. याशिवाय प्रत्येक उपकरण सुरू केल्यावर त्याच्या अंतर्भागाचे तपमान स्थिर होण्यास वेळ लागतो. कळ दाबताच घेतलेल्या वाचनावर विश्वास ठेवू नये.

एक उदाहरण : लक्ष्मीबाई नगरातील खोली

आता एक उदाहरण कल्पू. दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. तेथील एका घराच्या खोलीत एका तरुण तंत्रज्ञाने लहानसे मापनस्थान मांडले आहे. त्याच्यापाशी एक सूक्ष्म व्होल्टमापक आणि १० व्होल्ट दाब देणारे एक प्रमाण-उपकरण आहे. व्होल्टमापकाचे प्रमाणन २३ अंश तपमानात झालेले आहे. मे महिन्यातील दुपार आहे. खोलीत ४० अंश तपमान आहे आणि खिडकीत कूलर चालू आहे. व्होल्टमापक १० व्होल्टांऐवजी ०.८५ मिलिव्होल्ट अधिक दाखवितो आणि शेवटचे अंक सुमारे ४० मायक्रोव्होल्ट वर-खाली नाचतात. उपकरणावर एक लहान छिद्र आहे. त्यातील स्क्रू फिरविला की वाचन नेमके १० व्होल्टांवर येईल. तंत्रज्ञाच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर आहे. त्याने काय करावे?

प्रथम स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवावा. निदानापूर्वी औषध देऊ नये, हा वैद्याचा नियम येथेही लागू आहे.

पहिली पायरी : व्होल्टमापकाची दोन आदान अग्रे स्वच्छ तांब्याच्या आखूड तारेने एकमेकांना जोडावीत. आता मोजावयाचा दाब शून्य आहे. तंत्रज्ञाला वाचन केवळ दोन-तीन मायक्रोव्होल्ट हलताना दिसते. अर्थात नाचणाऱ्या अंकांचे मूळ उपकरणाच्या पोटात नाही.

दुसरी पायरी : एका वेळी एकच बदल करावा. तो तारांना पीळ देतो. नाच निम्मा होतो. कूलर क्षणभर बंद करतो. आणखी कमी होतो. मग व्होल्टमापकाची योजना तपासतो, तर ती ६० आवर्तनांसाठी लावलेली निघते. ती ५० वर आणताच वाचन शांत होते. तिन्ही बदल एकदम केले असते तर कोणत्या उपायाने किती गुण आला, हे त्याला कधीच कळले नसते.

तिसरी पायरी ढळाची. येथे घाई उपयोगी नाही. तो दर अर्ध्या तासाने वाचन व खोलीचे तपमान वहीत शेजारी शेजारी टिपतो. उत्तररात्री खोली ३० अंशांपर्यंत उतरते, तेव्हा जादा वाचन ०.३५ मिलिव्होल्ट भरते. दहा अंशांस अर्धा मिलिव्होल्ट. म्हणजे दर अंशास दशलक्षात पाच भाग. २३ अंशांपासून हिशेब केला तर ४० अंशांवर सतरा पट, म्हणजे ०.८५ मिलिव्होल्ट ही चूक बरोबर जुळते.

परंतु ढळतो कोण? व्होल्टमापक की प्रमाण-उपकरण? दोघांत तंटा असता साक्ष तिसऱ्याची घ्यावी लागते. दुसरे प्रमाण-उपकरण उपलब्ध नसल्याने तंत्रज्ञ आपले प्रमाण-उपकरण कापूस भरलेल्या लाकडी पेटीत ठेवतो व आतील तपमापकावर लक्ष ठेवतो. पेटीतील तपमान बरेच स्थिर राहते, तरीही वाचन खोलीच्या तपमानामागोमाग पूर्वीइतकेच हलते. तेव्हा ढळ व्होल्टमापकाचा ठरला. तो बिघाड नसून त्या उपकरणाचा ज्ञात स्वभाव आहे, आणि ज्ञात स्वभावाची दुरुस्ती कागदावर हिशेबाने करता येते.

आता मेच्या दुपारी त्याने स्क्रू फिरविला असता तर काय झाले असते ते पाहू. उपकरण ४० अंशांवर खरे ठरले असते. जानेवारीत खोलीचे तपमान १३ अंशांवर आल्यावर, २७ अंशांच्या फरकामुळे तेच उपकरण १.३५ मिलिव्होल्ट कमी दाखविते झाले असते. मूळ स्थितीत ही चूक केवळ ०.५ मिलिव्होल्ट असती. शिवाय प्रमाणनाच्या दाखल्याशी असलेले नाते तुटले असते ते निराळेच. त्या उपकरणाने पुढे तपासलेले प्रत्येक उपकरण हीच चूक घेऊन बाहेर पडले असते. चुकीचे माप एका टेबलावर थांबत नाही. ते हातोहाती पसरते.

ढळ छेदण्याची युक्ती

गोंगाटावर सरासरीचा उपाय चालतो. शंभर वाचनांची सरासरी घेतली तर अनियमित गोंगाट दशांश उरतो. परंतु ढळ सरासरीने जात नाही, कारण तो एकाच दिशेने चालतो. त्यासाठी दिशा उलटविण्याची युक्ती योजतात. समजा, खरा दाब १० मायक्रोव्होल्ट आहे. सांध्यांचा दाब ३ मायक्रोव्होल्ट असून तो प्रत्येक वाचनागणिक अर्ध्या मायक्रोव्होल्टाने वाढतो. सुलट वाचन १३ येते. तारा उलटविल्यावर उणे ६.५, पुन्हा सुलट केल्यावर १४. पहिले व तिसरे वाचन यांच्या बेरजेतून मधल्याची दुप्पट वजा करून चाराने भागले असता उत्तर नेमके १० येते. पहिल्या दोनच वाचनांवर थांबल्यास ९.७५ आले असते. तिसऱ्या वाचनाने सांध्यांचा दाब आणि त्याचा संथ ढळ हे दोन्ही एकदम छेदले गेले.

प्रमाणांची साखळी

प्रत्येक उपकरण आपल्याहून श्रेष्ठ प्रमाणाशी ताडून पाहावे लागते. भारतात ही साखळी लक्ष्मीबाई नगरापासून काही किलोमीटरांवर, पुसा येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत पोहोचते. तिची कोनशिला ४ जानेवारी १९४७ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी बसविली आणि २१ जानेवारी १९५० रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. डॉ. के. एस. कृष्णन हे तिचे पहिले संचालक. आज व्होल्टाचे प्रमाण घटावर अवलंबून नाही. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ साली भाकित केलेल्या परिणामानुसार, अतिसंवाहकांच्या विशिष्ट सांध्यावर ज्ञात कंप्रतेच्या लहरी सोडल्या असता मिळणारा दाब केवळ कंप्रता व निसर्गाचे स्थिरांक यांवरून ठरतो. २० मे २०१९ पासून या स्थिरांकांची मूल्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीत निश्चित धरलेली आहेत. घट वृद्ध होतो. निसर्गाचा स्थिरांक वृद्ध होत नाही.

गोंगाट जेव्हा वार्ता ठरतो

सर्व कारणे एकेक करून दूर केल्यावरही गोंगाट उरला तर? कार्ल जान्स्की हे बेल प्रयोगशाळेत रेडिओ-दूरध्वनीत येणाऱ्या खरखरीचा शोध घेत होते. जवळची वादळे व दूरची वादळे ओळखल्यावरही एक मंद, अखंड सूं-सूं उरली. प्रथम ती सूर्याकडून येते असे भासले; परंतु ती दररोज सुमारे चार मिनिटे लवकर शिगेला पोहोचू लागली. २३ तास ५६ मिनिटे हा ताऱ्यांचा दिवस होय. यावरून ती सूं-सूं आकाशगंगेतून येते, असा निष्कर्ष त्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केला. पुढे आर्नो पेन्झियस व रॉबर्ट विल्सन यांना १९६४ साली आपल्या शृंगाकार आकाशकात असाच अकारण गोंगाट आढळला. त्यांनी आतील कबुतरे हाकलली, घाण पुसली, सांध्यांवर धातूच्या पट्ट्या चिकटविल्या. गोंगाट कायम राहिला. तो विश्वाच्या आरंभकाळातील उष्णतेचा अवशेष ठरला. या शोधाबद्दल त्यांना १९७८ साली नोबेल पारितोषिकाचा भाग मिळाला.

महाराष्ट्रालाही या शास्त्राचा वारसा आहे. ऑस्ट्रेलियाने राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेस दिलेल्या ३२ लहान तबकड्या गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९६५ साली कल्याण येथे सूर्याच्या निरीक्षणासाठी उभारण्यात आल्या. त्यांच्याच प्रेरणेने पुढे पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी राहिली. शहरी रेडिओ-गोंगाटापासून दूर असणे, हे ती जागा निवडण्याचे एक कारण होते. तेथेही विजेच्या तारांवरील ठिणग्यांचा व्यत्यय ओळखून वगळावा लागतो. मगच दूरच्या आकाशगंगांचा क्षीण स्वर कानी पडतो.

करून पाहा

लोखंडी तारेच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या तारा पिळून जोडाव्यात. तांब्याच्या मोकळ्या टोकांना मिलिव्होल्ट मोजणारा साधा अंकदर्शक मापक जोडावा. एक सांधा खोलीच्या तपमानात ठेवून दुसरा कोरड्या परीक्षानळीत घालावा व ती नळी गरम पाण्यात धरावी. मापक सुमारे अर्धा ते एक मिलिव्होल्ट दाब दाखवील. पाणी निवत जाईल तसे दर दोन मिनिटांनी वाचन व तपमान टिपून आलेख काढावा. घट कोठेही नसता उत्पन्न झालेला हा दाब सूक्ष्म मापनात ढळ म्हणून कसा शिरतो, ते विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल.

तात्पर्य, हिशेब आधी, संशय नंतर, आणि स्क्रू सर्वांत शेवटी. एका वेळी एकच बदल करावा व प्रत्येक वाचनाशेजारी तपमान लिहावे. मापनयंत्र खोटे बोलत नाही. त्याच्याभोवती चाललेल्या सर्व घडामोडी ते एकाच आकड्यात सांगते. त्या आकड्यातील कोणता भाग मोजावयाच्या वस्तूचा आणि कोणता खोलीचा, तारेचा, ऋतूचा, हे निवडून काढणे हेच मापनकाराचे खरे काम होय.